मुगाच्या मोडातले हमाल

फडक्यात बांधून ठेवलेले मूग सकाळी सोडले की टरटरून मोड आलेले दिसतात. आपण त्यांची उसळ करतो. पुण्यात पाषाणच्या ‘आयसर’ या संशोधन संस्थेत चैतन्य आठले यांच्या प्रयोगशाळेने मात्र याच मोडांतून ट्युब्युलिन नावाचं प्रथिन वेगळं काढलं आणि 2021 मध्ये त्यावर शोधनिबंध छापला. एरवी या प्रथिनासाठी जनावरांचा मेंदू आणावा लागतो!

एवढं काय आहे त्यात? ट्युब्युलिनचे कण एकाला एक जुळत गेले की 25 नॅनोमीटर जाडीची पोकळ नळी उभी राहते. पेशीतला बराचसा माल याच नळ्यांवरून जातो, आणि तो वाहतात प्रथिनांचेच हमाल.

त्यातला कायनेसिन तर बघत राहावा असा. दोन पाय, डोईवर गाठोडं, आणि एक पाय टेकलेला असल्याशिवाय दुसरा उचलायचा नाही. एक पाऊल 8 नॅनोमीटरचं, आणि दर पावलाला पेशीचं इंधन असलेल्या एटीपीचा एक रेणू खर्च. सेकंदाला अशी शंभरेक पावलं टाकूनही केसाच्या जाडीएवढं अंतर तोडायला त्याला दीड-दोन मिनिटं लागतात. कमरेपासून पावलापर्यंत गेलेल्या मज्जातंतूतही माल असाच हाताहाती पोचतो, दिवसाला जास्तीत जास्त 40 सेंटीमीटर या चालीने.

उलट्या दिशेचा हमाल डायनीन. रेबीजचा विषाणू मज्जातंतूतून मेंदूकडे सरकतो तो याच उलट्या वाहतुकीचा फायदा घेऊन. म्हणून तर कुत्रा चावला की जखम लगेच साबणाने धुवायची आणि लस घ्यायला अजिबात उशीर करायचा नाही.

आता गंमत बघा. आपल्या मुगात डायनीन नाहीच! फुलझाडांनी तो उत्क्रांतीत कधीच गमावला. उलट्या खेपा कायनेसिनच्याच काही भावंडांनी अंगावर घेतल्या.

डायनीनचा स्वभाव उलगडण्यात शास्त्रज्ञ रूप मलिक यांचा मोठा वाटा आहे. ओझं नसताना डायनीन 24 ते 32 नॅनोमीटरच्या ढांगा टाकतो, ओझं वाढलं की पाऊल 8 वर आणतो. चढावर गाडीचा गिअर बदलावा तसं. हे 2004 मध्ये मलिक आणि सहकाऱ्यांनी दाखवलं. पुढे मुंबईच्या टीआयएफआर या संशोधन संस्थेत त्यांच्या गटाने लेझरच्या चिमट्यात पेशीतला माल धरून पाहिलं, की एकटा डायनीन कमजोर असला तरी टोळीने ओढायला लागला की भारी पडतो. 2018 चा इन्फोसिस पुरस्कार त्यांना याच संशोधनासाठी मिळाला.

त्यांचंच आणखी एक काम मला फार आवडतं. पोटभर जेवण झालं की इन्सुलिन वाढतं, यकृतातल्या चरबीच्या थेंबांना कायनेसिन येऊन जुंपतो आणि त्यांतली चरबी रक्तात धाडायची तयारी सुरू होते. उपास घडला की कायनेसिन थेंब सोडून देतो आणि चरबी यकृतातच थांबते. उंदरांवरच्या प्रयोगांत हे दिसलं.

आता पुन्हा हमालांच्या वाटेकडे, म्हणजे ट्युब्युलिनच्या नळ्यांकडे येऊ. पावसाळ्यात सह्याद्रीत फिरायला गेलात तर झुडपांवर चढलेली, लालपिवळ्या ज्वाळांसारख्या फुलांची कळलावी दिसेल. डोळे भरून पाहा, पण तोंडात घालू नका. ती जहाल विषारी आहे. तिच्यातलं कोल्चिसिन ट्युब्युलिनला चिकटतं आणि नळ्या जुळूच देत नाही. अगदी थोड्या मात्रेत तेच गाउटवरचं औषध होतं. वनस्पतींच्या ट्युब्युलिनला मात्र ते आपल्याइतकं घट्ट चिकटत नाही.