न्यूयॉर्क किती लांब? किलोमीटर, घड्याळ आणि खोक्याचे माप

मुंबईहून न्यूयॉर्क सरळ हवाई रेषेने सुमारे साडेबारा हजार किलोमीटर आहे. परदेशी गिऱ्हाईक धरू पाहणारे आपले बरेच कारागीर बांधव "विमानाने एका दिवसात माल पोचतो" या हिशेबावर वायदा देऊन बसतात. हा हिशेब जरा उलगडून पाहू.

भिंतीवरच्या नकाशात न्यूयॉर्क पश्चिमेला दिसते. विमान मात्र वायव्येला वळते. पृथ्वी गोल असल्याने सर्वांत जवळची वाट पाकिस्तान, अफगाणिस्तान, रशिया, स्वीडन-नॉर्वे आणि आइसलँडवरून जाते. नकाशावरच्या सरळ रेषेपेक्षा ती हजार-दीड हजार किलोमीटरने तरी कमी पडते. प्रत्यक्षात वारा आणि राजकारण पाहून ती बदलते. एप्रिल 2025 मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना आपले आकाश बंद केले, तेव्हा अमेरिकेच्या काही उड्डाणांना इंधनासाठी युरोपात उतरावे लागले. तास वाढले, खर्चही वाढला.

थेट विमानाला जाताना पंधरा-सोळा तास लागतात, येताना साधारण तासभर कमी. उंचावर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचे वारे वाहतात. ते जाताना आडवे येतात, येताना पाठीशी असतात.

घड्याळाचा घोळ निराळाच. न्यूयॉर्क आपल्यापेक्षा उन्हाळ्यात साडेनऊ आणि हिवाळ्यात साडेदहा तास मागे आहे. शनिवारी पहाटे दोनला निघालेले विमान उन्हाळ्यात तिथे शनिवारीच सकाळी आठच्या सुमारास उतरते. पण शनिवार-रविवार तिथली बहुतेक कार्यालये बंद! म्हणजे माल पोचला तरी हाती पडायला सोमवार उजाडणार. इकडे कस्टमचे कागद आणि विमानात जागा मिळण्याची वाट, तिकडे पुन्हा कस्टम, हे धरून वायद्यात आठवडा तरी ठेवावा. फोन करायचा तर आपल्या संध्याकाळी साडेसहाला (हिवाळ्यात साडेसातला) तिथे सकाळचे नऊ वाजलेले असतात.

खरी मेख भाड्यात आहे. हवाई मालाचे भाडे नुसत्या वजनावर नसते. खोक्याची लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणून 6000 ने भागतात. येणारा आकडा आणि खरे वजन, यांत जे जास्त त्यावर भाडे. कुरियरवाले बहुधा 5000 नेच भागतात, म्हणजे आकडा आणखी फुगतो. जरीकाम केलेल्या, कापूस भरलेल्या उशांचे 60 बाय 50 बाय 40 चे खोके काट्यावर नऊ किलो भरले, तरी पैसे वीस किलोचे पडतात! त्याच उशांची नुसती खोळ घडी घालून पाठवली तर खोके कितीतरी लहान होते. कापूस काय, गिऱ्हाईक तिथेही भरून घेईल. तेव्हा भाव कळवण्याआधी भरलेले खोके टेपने मोजावे, आणि एजंट कितीने भागतो ते त्याच्याकडून लिहून घ्यावे.