आधीं कोणता पूल, आधीं कोणता रस्ता?

रस्ते हवेत कीं नकोत, हा वाद आतां कोणी घालीत नाहीं. वाद असतो तो एवढाच कीं, मागणी दहा ठिकाणची आणि पैसा तीन ठिकाणांपुरता अशी स्थिति असतां पहिलें काम कोठें हातीं घ्यावयाचें? हा प्रश्न वरवर पाहतां इंजिनियरांचा वाटतो. पण त्याचें अर्धें उत्तर हिशेबांत आणि अर्धें न्यायबुद्धींत असल्यामुळें तो तुमचाआमचाहि आहे. शहरांत राहणाऱ्या सुशिक्षित कुटुंबास वाटतें कीं, कोठल्याशा खेड्याची फरशी पाण्याखालीं गेली काय अन् राहिली काय, आपला तिच्याशीं संबंध कोठें येतो? परंतु सकाळचें दूध आणि भाजी ज्या वाटेनें येते ती वाट तशाच एखाद्या फरशीवरून निघालेली असते. आणि सुट्टींत आपली मोटार ज्या पुलावरून धांवते त्याचें वय विचारण्याचें आपणांस सुचत नाहीं, इतकेंच.

प्रथम शब्दांचा थोडा खुलासा करतों. ओढ्याचें पाणी रस्त्याखालून काढून देण्यासाठीं जी लहानशी बांधीव वाट असते ती मोरी. पात्राच्या तळाशींच दगडाची किंवा सिमेंटाची भक्कम पट्टी घालून पाणी तिच्यावरून जाऊं दिलें कीं झाली फरशी. आठ महिने ती उत्तम, पूर आला कीं वाट बंद. कोंकणांत पायीं जाणारांपुरता जो अरुंद पूल असतो त्याला साकव म्हणतात. आणि पुराच्या पातळीहून उंच, खांबांवर वा कमानींवर उभा असतो तो खरा पूल. मोरीपासून पुलापर्यंत खर्च झपाट्यानें वाढत जातो, आणि क्रम लावण्याची सारी कटकट येथूनच सुरूं होते.

आपल्या देशांत असा क्रम लावण्याचा विचार तसा जुना आहे. १९२७ सालीं डॉ. मुकुंदराव जयकर यांच्या अध्यक्षतेखालीं रस्त्यांविषयीं एक समिति नेमण्यांत आली. हे जयकर म्हणजे पुढें पुणें विद्यापीठाचे पहिले कुलगुरु झाले तेच. समितीचें मुख्य म्हणणें असें होतें कीं, रस्त्यांचा भार प्रांतांना आणि स्थानिक मंडळांना एकट्यानें पेलणारा नाहीं. तो सबंध राष्ट्राच्या हिताचा विषय आहे, आणि त्यासाठीं पेट्रोलवर जादा कर बसवून वेगळा निधि उभारावा. तो निधि १९२९ सालीं सुरूं झाला. पैशाची वाट सांपडली. क्रमाची सांपडली ती १९४३ च्या डिसेंबरांत, निरनिराळ्या प्रांतांचे व संस्थानांचे मुख्य इंजिनियर नागपुरास जमले तेव्हां. राष्ट्रीय महामार्ग, प्रांतिक महामार्ग, जिल्ह्याचे मोठे व इतर रस्ते आणि शेवटीं ग्रामरस्ते, अशी उतरंड त्यांनीं लावली, वीस वर्षांची योजना आंखली, आणि शेतीनें समृद्ध असलेल्या प्रदेशांत कोणतेंहि गांव मुख्य रस्त्यापासून ५ मैलांहून अधिक दूर असूं नये असें उद्दिष्ट ठेवलें. ही उतरंड थोड्या फेरफारानें आजहि चालू आहे. महाराष्ट्रांत १ मे १९६२ रोजीं जिल्हा परिषदा अस्तित्वांत आल्या. इतर जिल्हा मार्ग व ग्रामरस्ते त्यांच्याकडे, तर राज्यमार्ग व प्रमुख जिल्हा मार्ग मुख्यतः सार्वजनिक बांधकाम खात्याकडे, अशी सामान्यतः वांटणी आहे. तक्रार घेऊन गेलेला मनुष्य पुष्कळदां नको त्या कचेरीच्या दारांत उभा राहतो, तो ही वांटणी ठाऊक नसल्यामुळें.

आतां मुख्य विषयाकडे वळतों. क्रम लावतांना पहिला प्रश्न विचारावयाचा तो सोयीचा नव्हे, जिवाचा. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्रीं महाडजवळ सावित्री नदीवरचा, मुंबई-गोवा मार्गावरील ब्रिटिश अमदानींतला दगडी कमानींचा पूल पुरांत वाहून गेला आणि त्याच्याबरोबर एस. टी. च्या दोन गाड्या उतारूंसह गेल्या. त्याच वर्षीच्या मे महिन्यांत पुलाची पाहणी होऊन तो सुरक्षित आढळला होता, असें तेव्हां सांगण्यांत आलें. पाहणी झाली, तरी पूल गेला, हें कसें? लोकांनीं याचा अर्थ सरळसरळ निष्काळजीपणा असा लावला. या एका पुलाचा न्यायनिवाडा करण्याचा अधिकार माझा नाहीं. पण नदीवरचे पूल सामान्यतः कसे जातात, हें समजून घेण्यासारखें आहे.

पूल बहुधा वरच्या भारानें पडत नाहीं. तो पायाखालून जातो. वाहतें पाणी खांबाला आदळलें कीं त्याचा एक प्रवाह खांबाच्या अंगानें खालीं वळतो आणि तळाशीं भोंवरा धरून तेथली वाळू उकरूं लागतो. समुद्राच्या ओल्या वाळूंत आपण उभे राहिलों असतां परतणारी लाट टांचेखालची वाळू काढून नेते, तसाच हा प्रकार. पूर जितका जोराचा तितका खड्डा खोल. आणि पाया पुरेसा खोल नसेल, तर तो उघडा पडून पोकळींत लोंबकळूं लागतो. यांतील खरी मेख पुढेंच आहे. पूर ओसरूं लागला कीं तोच प्रवाह गाळ आणून तो खड्डा पुन्हां भरून टाकतो. हा भराव सैल असतो, त्याच्यांत भार पेलण्याची ताकद नसते. परंतु उन्हाळ्यांत कोरड्या पात्रांत उतरून पाहणाऱ्याला तळ अगदीं सपाट आणि शांत दिसतो. म्हणजे मे महिन्यांतील पाहणी ही दगडांच्या सांध्यांतून उगवलेलें पिंपळाचें रोप दाखवील, कमानीला गेलेली चीर दाखवील, पण जेथें धोका तेथें तिची नजर पोंचत नाहीं. यासाठीं पूर असतांना किंवा ओसरतांच दोरीला वजन बांधून अथवा नव्या ध्वनियंत्रानें खांबापाशीं खोली मोजावी लागते, आणि ते आंकडे वर्षानुवर्षें एका वहींत मांडून ठेवावे लागतात. त्यांत भर म्हणजे पुलाच्या आसपासचा वाळूउपसा. वाळू नेली कीं नदीचें पात्र खोल जातें आणि बांधणारानें जमिनींत गाडलेला पाया आपोआप उथळ ठरतो.

सावित्रीवरचा नवा पूल ५ जून २०१७ रोजीं खुला झाला. म्हणजे अवघ्या दहा महिन्यांत. याचा अर्थ असा कीं, पैसा नव्हता किंवा कसब नव्हतें असें नाहीं. तें काम यादींत वर आलें, तें पूल पडल्यावर. २०१६ च्या ऑक्टोबरांत केंद्र सरकारनें देशांतील पुलांची नोंद ठेवणारी एक संगणकीय पद्धति सुरूं केली, ज्यांत प्रत्येक पुलास ओळखक्रमांक व त्याच्या प्रकृतीवरून प्रत देण्याची योजना आहे. कल्पना योग्यच आहे. मात्र नोंद मोठ्या पुलांची जितकी काटेकोर होते तितकी ग्रामरस्त्यावरच्या साकवाची होत नाहीं, आणि माणसें त्याच्यावरूनहि जातात.

जिवाचा प्रश्न नसलेलीं कामें उरलीं, म्हणजे मग हिशेब. एक साधें उदाहरण घेऊं. आंकडे केवळ कल्पिलेले आहेत. समजा, सारख्याच खर्चाचीं दोन कामें आहेत. एक, बाजाराचा रस्ता रुंद करणें. त्यानें रोज ३००० माणसांचीं प्रत्येकीं २ मिनिटें वांचतील. म्हणजे दिवसाला ६०००  मिनिटें, अर्थात् १०० तास. वर्षाचे ३०० दिवस धरले तर ३०,००० तास. दुसरें, एका वाडीच्या फरशीच्या जागीं पूल बांधणें. फरशी वर्षांतून २० दिवस पाण्याखालीं असते आणि त्यामुळें १५० माणसांचा कामाचा ८ तासांचा दिवस बुडतो. १५० गुणिले २० गुणिले ८, म्हणजे २४,००० तास. गणिताच्या वहींत बाजाराचा रस्ता जिंकला. पण बाजारांतल्या माणसाचीं दोन मिनिटें आणि वाडींतल्या माणसाचा सबंध दिवस या सारख्या वस्तु आहेत काय? दोन मिनिटें गेलीं तर कोणाची मजुरी बुडत नाहीं. त्या वीस दिवसांत वाडींतली एखादी बाळंतीण अडली किंवा कोणास सर्पदंश झाला, तर तो तास कोणत्या भावानें लावावयाचा? म्हणून हिशेब अवश्य करावा, परंतु ज्या वस्तीला दुसरी वाटच नाहीं तिला वेगळ्या रांगेंत उभें करावें, असें माझें स्पष्ट मत आहे.

शिवाय वाहनांच्या गणतींत एक मूळचाच दोष आहे. रस्त्याच्या कडेला बसून गणती करणारा जे जातात त्यांना मोजतो. जे जाऊंच शकले नाहींत ते त्याच्या कागदावर येत नाहींत. मीं आयुष्यभर शाळामास्तरकी केली, आणि या न आलेल्यांची नोंद मला शाळेच्या हजेरीपटावर आढळली. आजारानें पडलेल्या गैरहजेऱ्या पटावर विखुरलेल्या असतात. आज हा, उद्यां तो. ओढ्यानें पाडलेल्या गैरहजेऱ्या मात्र एकाच तारखेखालीं, पलीकडच्या वाडींतल्या सर्व मुलांच्या नांवांपुढें, उभ्या ओळींत पडतात. जुलै-ऑगस्टच्या पानांवर अशा किती उभ्या ओळी आहेत हें मोजलें, तर फरशी किती दिवस बुडाली याचा पुरावा हातीं येतो, आणि तोहि कोणाच्या तोंडचा नव्हे तर सरकारी कागदावरचा. आरोग्यकेंद्राच्या आणि दूधसंकलनाच्या वह्यांतूनहि असाच उतारा निघूं शकतो.

क्रमाचा नियम आधींच जाहीर केला तर किती वाद मिटतो, याचें उदाहरण २५ डिसेंबर २००० रोजीं सुरूं झालेल्या प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेंत दिसतें. बारमाही रस्ता नसलेल्या वस्त्यांपैकीं आधीं हजारावर लोकसंख्येच्या, मग पांचशेवरच्या, आणि डोंगराळ, वाळवंटी व आदिवासी भागांत अडीचशेवरच्या, असा तिचा क्रम होता. नियम ओबडधोबड खरा. पण आपलें नांव अमुक जागीं कां आहे, हें खेडुतालाहि कळत होतें. कोंकणांत आणि घाटमाथ्यावर वाड्या पांगलेल्या असल्यामुळें एकेकटी वाडी आंकड्यांत बसत नाहीं. त्यावर तोड म्हणून पायवाटेनें अर्ध्या किलोमीटरच्या आंतल्या, आणि डोंगराळ भागांत दीड किलोमीटरच्या आंतल्या वस्त्या एकत्र मोजण्याची मुभा ठेवलेली होती. रस्ता बांधणाऱ्या कंत्राटदाराकडेच पांच वर्षें देखभालीची जबाबदारी देण्याचें कलमहि त्या योजनेंत आहे, आणि मला तें बाकी सर्वांहून महत्त्वाचें वाटतें.

कारण सर्वांत वाईट रस्ता आधीं दुरुस्त करावा, ही जी सर्वमान्य समजूत आहे ती पैशाच्या दृष्टीनें फसवी आहे. डांबरी रस्ता वरून काळाभोर दिसत असतांनाच त्याला बारीक भेगा पडूं लागतात. भेगेंतून पाणी खालच्या खडींत आणि मुरुमांत शिरतें, चाकांच्या भारानें ओला थर दबतो, आणि मग आपल्याला दिसतो तो खड्डा. भेगा बुजवून वेळींच पातळ थर दिला, तर रस्ता थोडक्या खर्चांत आणखी कांहीं वर्षें टिकतो. एकदां खालचे थर बिघडले कीं तो मुळापासून उकरून करावा लागतो आणि खर्च अनेक पटींनीं वाढतो. जो रस्ता पुरता गेलाच आहे तो एक वर्ष थांबल्यानें फारसा अधिक जात नाहीं. जो जाण्याच्या बेतांत आहे त्याला मात्र त्या वर्षाचा उशीर भोंवतो. पण चांगल्या दिसणाऱ्या रस्त्यावर पैसा घातला तर लोक ओरडतात, आणि गटार साफ केलें तर त्याचें उद्घाटन होत नाहीं! रस्त्याचें आयुष्य वाढविणारें सर्वांत स्वस्त काम हें कडेचें गटारच.

निवड झाल्यावरहि एक प्रश्न उरतो, आणि तो योजनेंत बहुधा लिहिलेलाच नसतो. नवें काम मंजूर झाल्यापासून पुरें होईपर्यंत जुन्याचें काय? मावळ तालुक्यांत कुंडमळा येथील इंद्रायणीवरचा लोखंडी पूल १५ जून २०२५ रोजीं रविवारच्या गर्दीखालीं कोसळला आणि चौघांचे प्राण गेले. पूल धोकादायक असल्याची पाटी तेथें लावलेली होती, नवा पूल मंजूरहि झालेला होता. म्हणजे क्रमाच्या यादींत चूक नव्हती. परंतु पाटी म्हणजे अडसर नव्हे. धोक्याचा शेरा बसला त्याच दिवशीं दोन्हीं टोंकांना माणूस जाऊंच शकणार नाहीं असें बांधकाम, आणि पलीकडच्या लोकांसाठीं तात्पुरती दुसरी वाट, हीं दोन्हीं त्याच अंदाजपत्रकांत धरलीं पाहिजेत. वाट न देतां नुसती बंदी घातली तर पलीकडचा मनुष्य अडसर मोडून जाईल, आणि त्याला दोषहि देतां येणार नाहीं.

पैशाच्या तुकड्यांविषयींहि दोन शब्द सांगतों. निधि निरनिराळ्या वाटांनीं येतो. जिल्हा नियोजनाचा, आमदारांचा, खासदारांचा, ग्रामपंचायतीचा. प्रत्येकाच्या वांट्याला थोडा, म्हणून प्रत्येकजण अर्धा किलोमीटर येथें आणि पाव किलोमीटर तेथें डांबर टाकतो. आणि मध्यें असलेली मोरी, जिच्यावांचून दोन्हीं तुकडे पावसाळ्यांत निरुपयोगी, ती कोणाच्याच तुकड्यांत बसत नाहीं. तालुक्याची एकच क्रमवार यादी करून प्रत्येक निधीनें तिच्यांतील पुढचा आंकडा उचलावा, एवढें ठरलें तरी पुष्कळ साधेल.

ही यादी असते काय, आणि तींत आपल्या वाटेवरचा पूल कितवा आहे, हें विचारण्याचा हक्क २००५ च्या माहितीच्या अधिकाराच्या कायद्यानें प्रत्येक नागरिकास दिलेला आहे. सरकारी वर्ष १ एप्रिलला सुरूं होतें आणि अंदाजपत्रकें त्यापूर्वीं ठरतात. तेव्हां अर्ज द्यावयाचा तो उन्हाळ्यांत देऊन उपयोग नाहीं. पावसाळा संपतांच फरशी किती दिवस बुडाली याचा तारीखवार तक्ता करावा, शाळेच्या पटाचा उतारा मुख्याध्यापकांच्या सहीनें त्याला जोडावा, ग्रामसभेचा ठराव घ्यावा, आणि दिवाळीनंतर लगेच, रस्ता ज्या कचेरीचा असेल तिच्याच आवकजावक खिडकीवर तो देऊन पोंच घ्यावी.