४२ हजार नोकऱ्या गेल्या कुठे?

‘बायडेन आले आणि पहिल्याच दिवशी एका सहीनिशी ४२ हजार माणसांच्या पोटावर पाय दिला.’ कीस्टोन एक्सएल पाइपलाइनबद्दलचं हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता राग येतो. अमेरिकेतले नातेवाईक सांगतात, इथले इंजिनिअर मित्र सांगतात, आणि आकडा कशाचा आहे हे कुणीच विचारत नाही.

सही खरी आहे. कॅनडातल्या हार्डिस्टीपासून नेब्रास्कातल्या स्टील सिटीपर्यंत सुमारे १,९०० किलोमीटरच्या आणि दिवसाला ८ लाख ३० हजार पिंपं तेल नेऊ शकणाऱ्या या प्रकल्पाचा परवाना २० जानेवारी २०२१ रोजी रद्द झाला. आकडाही हवेतला नाही. पाइपलाइन सीमा ओलांडणार, म्हणून परवान्याचा अभ्यास अमेरिकी परराष्ट्र खात्याकडे होता आणि त्यांच्या जानेवारी २०१४ च्या अहवालात ४२,१०० असंच लिहिलंय. पण त्याच अहवालात पुढे काय आहे, ते वाचायला नको का?

तिथली एक ‘नोकरी’ म्हणजे एका माणसाला एक वर्षभर काम. शिवाय त्यातल्या सुमारे २६ हजार नोकऱ्या प्रकल्पावरच्या नाहीतच. त्या पुरवठादारांकडच्या आणि कामगारांनी खर्चलेल्या पैशांतून हॉटेलं-दुकानांत निर्माण होणाऱ्या. प्रत्यक्ष बांधकामावर वर्षभराच्या हिशेबाने साधारण ३,९००. आणि काम संपून तेल वाहू लागल्यावर? ३५ कायमचे कर्मचारी आणि १५ तात्पुरते कंत्राटी. बिल्डिंग उभी राहताना गवंडी, सेंट्रिंगवाले, सिमेंटचा दुकानदार, चहावाला या सगळ्यांना धरून ‘बिल्डिंगने शंभर जणांना नोकरी दिली’ म्हणावं, तसा हा हिशेब आहे. परवाना रद्द झाला तेव्हा हजारेक कामगारांचं काम खरोखर गेलं, आणि त्यांच्या घरी ते दुःख मोठंच होतं. पण हजार म्हणजे ४२ हजार नव्हेत.

पाइपलाइनच्या बाजूने बोलायचं तर मालमत्ता कराबद्दल बोला. पहिल्या पूर्ण वर्षात तीन राज्यांतल्या २७ काउंट्यांना मिळून सुमारे साडेपाच कोटी डॉलर मिळतील, असा त्याच अहवालाचा अंदाज होता. विरळ वस्तीच्या काउंटीला यातून शाळा-रस्त्यांसाठी मोठा आधार मिळतो. हा फायदा वर्षानुवर्षं टिकणारा, तरी त्याचा उल्लेख क्वचितच कुणी करतं.

दुसरा गैरसमज: ‘गळती झाली की संगणकाला लगेच कळतं.’ जुलै २०१० मध्ये मिशिगनमधल्या मार्शलजवळ एनब्रिज कंपनीची पाइपलाइन फुटली. नियंत्रण कक्षात इशारे वाजत राहिले, पण त्यांचा अर्थ चुकीचा लावून पंप दोनदा पुन्हा सुरू करण्यात आले. सतरा तास गेले. शेवटी स्थानिक गॅस कंपनीच्या माणसाने फोन केला तेव्हा उलगडा झाला. अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाच्या तपासानुसार, सांडलेल्या तेलापैकी सुमारे ८१ टक्के या दोन वेळा पंप चालवल्यानेच बाहेर पडलं. तेही साधं तेल नव्हतं. डांबरासारखं बिट्युमेन पातळ करून पाठवलेलं. हलका भाग उडून गेला आणि जड भाग कालामाझू नदीच्या तळाशी बसला. तळ उपसावा लागला, खर्च शंभर कोटी डॉलरच्या पुढे गेला. कीस्टोन एक्सएलमधूनही मुख्यतः असंच तेल जाणार होतं.

‘पाइपलाइन रद्द झाली म्हणून पेट्रोल महागलं’: जी बांधूनच झाली नव्हती, तिच्यातून येणारं तेल बंद कसं पडेल?

‘पाइपलाइन अडवली की तेल जमिनीतच राहतं’: हा विरोधकांचा आवडता समज. एका पाइपलाइनने उत्खननाच्या वेगात फारसा फरक पडण्याची शक्यता कमी, असं परराष्ट्र खात्याचा तोच अहवाल सांगतो. तेल इतर मार्गांनी, रेल्वेनेही जाऊ शकतं.

आणि ‘मग रेल्वेने जाऊ द्या, ती निर्धोक’: जुलै २०१३ मध्ये क्युबेकमधल्या लाक-मेगांतिक गावात कच्च्या तेलाची मालगाडी घसरून पेटली. ४७ माणसं गेली.