मरळीला बेडूक, शिंगाळ्याला वास

"आबा, यातलं कुठलं लावू?" सोहमनं डबा उघडला आणि हरिपूरच्या संगमावर जमलेली सगळी पोरं त्यावर वाकली. आत मऊ रबरी आमिषं होती. लांबट गांडुळं, दोन शेपट्यांचे किडे, खेकड्याचे नुसते नांगे, पोकळ पोटाचा हिरवा बेडूक. शेजारी शिशाचं डोकं ओतलेले आणि झालर बांधलेले गळ. या गळाला 'जिग' म्हणतात, आणि त्याच्या मागं टोचायच्या मऊ तुकड्याला 'ट्रेलर'.

अरे, पतंगाला शेपटी का लावतात? तो भिरभिरू नये, सावरून उडावा म्हणून. ट्रेलरचं काम तेच. नुसता जिग टाकलास तर शिशाच्या वजनानं तो सरळ तळ गाठतो. मागं रुंद, पसरट तुकडा असला की पाणी अडतं, जिग सावकाश उतरतो आणि माशाला विचार करायला वेळ मिळतो. शिवाय मासा आमिष आधी तोंडात ओढून बघतो. टणक लागलं तर निमिषात थुंकतो, मऊ लागलं तर थोडं धरून ठेवतो. तेवढ्यात तुझा हिसका बसला पाहिजे.

ही मऊ आमिषं अमेरिकेतली. ओहायो राज्यातल्या ॲक्रन गावच्या निक क्रीम नावाच्या माणसानं 1949 साली प्लास्टिकचं मऊ गांडूळ बनवलं आणि ते तिकडच्या बास माशासाठी गाजलं. बास राहतो दगडा-लाकडांच्या आडोशाला आणि त्याला क्रेफिश फार आवडतो. क्रेफिश म्हणजे मोठ्या नांग्यांचा, गोड्या पाण्यातला झिंग्याचा भाऊबंद. म्हणून तिकडच्या ट्रेलरला नांगे. आपल्या कृष्णेत ना बास, ना क्रेफिश. इथं खेकडे आहेत, झिंगे आहेत, आणि ते खाणारी गिऱ्हाइकं वेगळी आहेत. तेव्हा डब्यावरचं चित्र बघून निवडू नकोस. समोरच्या पाण्यातला मासा कुठल्या इंद्रियानं शिकार करतो, ते बघ.

आता गंमत ऐका. माशाच्या कुशीवर, कल्ल्यापासून शेपटीपर्यंत, एक बारीक रेघ दिसते. ती पार्श्वरेषा. तिथल्या खवल्यांना सूक्ष्म छिद्रं असतात आणि आत केसांसारख्या संवेदी पेशी. आपल्या कानाच्या आतही अशाच जातीच्या पेशी आहेत! जवळचं पाणी जरा हललं की त्या वाकतात आणि माशाला कळतं, या बाजूला काहीतरी वळवळलं. त्याला डोळ्यांची गरज पडत नाही. मात्र हे 'स्पर्शानं ऐकणं' फार दूरचं नसतं, जेमतेम माशाच्या एक-दोन लांबीइतकंच.

म्हणून आषाढात वारणेचं आणि कृष्णेचं लाल गढूळ पाणी इथं मिसळतं तेव्हा रंगाचे लाड करू नयेत. पाणी जोरात ढकलणारी जाड, फडफडणारी शेपटी लावावी, आणि तीही गडद, म्हणजे वर मान करणाऱ्या माशाला निदान सावली दिसेल. दिवाळीनंतर पाणी निवळतं, गार होतं. माशाचं रक्त पाण्याइतकंच थंड, त्यामुळं त्याची भूक आणि धावपळ दोन्ही मंदावतात. तेव्हा बारीक, साधा, जवळजवळ न हलणारा ट्रेलर बरा. गार पाण्यात फडफड करणाऱ्या शेपटीमागं धावायला मासा काय खुळा आहे?

शिंगाळ्याची गोष्ट निराळी. त्याच्या मिशा बघितल्यात ना? त्या नुसत्या मिशा नाहीत, त्यांच्यावर चव ओळखणाऱ्या कळ्या असतात. शिंगाळ्याच्या अमेरिकी नातेवाइकाच्या, म्हणजे तिकडच्या मिशाळ माशाच्या, अंगभर मिळून अशा लाखाहून जास्त कळ्या असतात. तो अंधारात, गाळात, अंगानं चव घेत फिरतो. त्याच्यापुढं रबराचा सुंदर किडा म्हणजे बेचव कागद. त्याला वास हवा: गांडूळ, झिंगा, माशाचा तुकडा.

आणि त्याचे कानही तिखट. रोहू, कटला, शिंगाळा या साऱ्यांत हवेची पिशवी आणि कान यांच्यामध्ये छोट्या हाडांची साखळी असते. जर्मन शास्त्रज्ञ वेबरनं 1820 साली ती दाखवून दिली. पुढं 1923 मध्ये कार्ल फॉन फ्रिश यांनी एका आंधळ्या मिशाळ माशाला खाऊ देण्याआधी शिट्टी वाजवायची सवय लावली. थोड्या दिवसांत नुसती शिट्टी ऐकली तरी स्वारी बिळातून बाहेर! हेच फ्रिश पुढं मधमाश्यांच्या नाचाचा अर्थ लावून 1973 चे नोबेल घेऊन बसले. म्हणून म्हणतो, काठावर पाय आपटत फिरू नका.

आता माझी लाडकी मरळ. तिच्या डोक्यात, कल्ल्यांच्या वर, हवा घेण्याची खास पोकळी असते. पाण्यातला प्राणवायू कमी झाला तरी ती वर येऊन तोंडानं हवा गिळते. उथळ, वेलींनी भरलेल्या डबक्यातही ती जगते ती यामुळंच, आणि वर बघत बेडूक टिपते. तिच्यासाठी जिग तळाला घालवणं व्यर्थ. तो पोकळ बेडूक पानांवरून हळूहळू ओढ, मधे थांबव, पुन्हा ओढ. त्याच्या आकड्यांची टोकं अंगाला चिकटून असतात, वेलीत अडकत नाहीत. मरळीनं तोंडात दाबला की पोट चेपतं आणि आकडे उघडे पडतात. ही कल्पना मला त्या डब्यातली सगळ्यांत हुशार वाटते.

पण पावसाळ्यात जपा. मरळीची जोडी वेली बाजूला सारून गोल मोकळी जागा करते. तिची अंडी तेलाच्या थेंबामुळं पाण्यावर तरंगतात. पिलं निघाली की तांबूस ठिपक्यांचा पुंजका उकळल्यासारखा वर-खाली होतो आणि आईबाप खाली पहारा देतात. त्या वेळी बेडूक टाकलात तर मरळ झडप घालेल, पण भुकेनं नव्हे, रागानं. शूर गळवाल्याला त्यात काय मोठेपणा? पहारेकरी उचलला की चिलापीपासून खंड्यापर्यंत सगळे त्या पिलांवर तुटून पडतात.

आणखी एक, पोरांनो, फाटलेले रबराचे तुकडे पाण्यात टाकू नका. ते कुजत नाहीत आणि मासे ते गिळतात. डब्यातच परत आणा. आणि तांबूस पुंजका दिसला, तर त्या दिवशी त्या जागी गळ टाकूच नका. दुसरीकडे चला.