कर्कश : लेखांक ४ – साक्षीला काळा टी-शर्ट

मागच्या आठवड्यात आपण रेनोच्या न्यायालयात होतो. ज्युडास प्रीस्टच्या गाण्यात दडवलेल्या आज्ञेमुळे दोन तरुणांनी स्वतःवर गोळ्या झाडल्या, हा दावा तिथे १९९० साली फेटाळला गेला. तो नुकसानभरपाईचा खटला होता. आजच्या खटल्यात एका अठरा वर्षांच्या मुलाचा जीव पणाला लागला होता.

६ मे १९९३. अमेरिकेत आर्कान्सा राज्यातल्या वेस्ट मेम्फिसमध्ये आठ-आठ वर्षांच्या तीन मुलांचे मृतदेह ओढ्यात सापडले. हातपाय बुटांच्या नाड्यांनी बांधलेले. गाव हादरून गेलं. महिन्याभरात पोलिसांनी तिघांना पकडलं : डेमियन एकॉल्स १८ वर्षांचा, जेसी मिसकेली १७ आणि जेसन बाल्डविन १६. एकॉल्स काळे कपडे घालायचा, मेटालिका ऐकायचा, जादूटोण्याबद्दल वाचायचा. हा सैतानासाठी दिलेला बळी असणार, असं पोलिसांच्या मनाने घेतलंच होतं.

पुरावा होता मिसकेलीचा कबुलीजबाब. चौकशी तासन्‌तास चालली, ध्वनिमुद्रण मात्र त्यातल्या थोड्याच भागाचं झालं. खून सकाळी झाला असं तो आधी म्हणाला; सकाळी ती मुलं शाळेत होती. दोरीने बांधलं म्हणाला. बांधलं होतं नाड्यांनी. पुढे दोघा मित्रांविरुद्ध साक्ष द्यायला त्याने नकार दिला, म्हणून १९९४च्या त्यांच्या खटल्यात हा जबाब मांडताच आला नाही. मग राहिले काही धागे, बाल्डविनच्या घरामागच्या तळ्यातून काढलेला एक चाकू आणि 'आरोपींच्या तोंडून ऐकलं' म्हणणारे साक्षीदार. पण या मुलांनी त्या मुलांना का मारावं, हे यातलं काहीच सांगत नव्हतं. ती रिकामी जागा भरायला संगीत कामी आलं.

सरकारी पक्षाने डेल ग्रिफिस यांना सैतानी पंथांचे तज्ज्ञ म्हणून उभं केलं. त्यांची डॉक्टरेट टपालाने मिळालेली. एकाही वर्गाला न बसता ती मिळाल्याचं उलटतपासणीत निघालं. तरी न्यायाधीशांनी त्यांना तज्ज्ञ मानलं. काळे टी-शर्ट, काळी नखं ही खूण असते, असं त्यांनी शपथेवर सांगितलं. एकॉल्सच्या वह्याही ज्यूरीपुढे आल्या. मला यातली सर्वांत भयंकर गोष्ट ही वाटते की मेटालिका तेव्हा कुठल्या अंधाऱ्या तळघरातला बँड नव्हता. त्यांचा १९९१चा अल्बम अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेला होता. म्हणजे लाखो घरांत असलेली वस्तू फक्त या गरीब घरांतल्या मुलांकडे सापडली तेव्हा पुरावा ठरली.

एकॉल्सला मृत्युदंड, इतर दोघांना जन्मठेप. १९९६च्या 'पॅरडाइज लॉस्ट' या माहितीपटाने हा खटला जगापुढे आणला; त्यासाठी मेटालिकाने आपली गाणी वापरू दिली. २००७मध्ये समोर आलेल्या डीएनए चाचण्यांत घटनास्थळाशी या तिघांचा संबंध जोडणारं काही निघालं नाही. १९ ऑगस्ट २०११ला ते सुटले, पण एका विचित्र तडजोडीवर : आम्ही निर्दोष आहोत असं म्हणायची मुभा, कागदोपत्री मात्र गुन्हा मान्य. अठरा वर्षं गेली. आणि राज्याने फाईल मिटल्याचं मानल्यामुळे त्या तीन लहानग्यांनाही न्याय मिळाला, असं मी म्हणू शकत नाही.

'संगीताचा गुन्ह्याशी काही संबंध नाही' हा बचाव मात्र सगळीकडे चालत नाही. नॉर्वेत त्याच सुमारास चर्च खरोखर जळत होती, खूनही झाले, आणि दोषी ठरलेल्यांत वादकच होते. पुढच्या आठवड्यात तिकडे जाऊ.