शेवटचा बाक नसलेलं कॉलेज

आयोवा सिटी, ऑक्टोबर

दिवाळी तोंडावर आली की मला भारतातून फोन येऊ लागतात. काही फराळाचं पार्सल निघाल्याचे, बाकीचे मुलांच्या प्रवेशाचे. इथल्या कॉलेजांचे अर्ज साधारण नोव्हेंबर ते जानेवारीत भरायचे असतात, त्यामुळे ऐन चकल्यांच्या दिवसांत आईबापांच्या पोटात गोळा. यंदा पहिला फोन सांगलीहून आला. कॉलेजात माझ्याबरोबर शेवटच्या बाकावर बसणारा मित्र. त्याची मुलगी बारावी सायन्सला आहे.

“अरे, हिच्या यादीत ग्रिनेल कॉलेज म्हणून आहे. तुझ्या जवळच आहे म्हणे. पण नुसतं कॉलेज रे, युनिव्हर्सिटी नाही. वर लिहिलंय लिबरल आर्ट्स. सायन्सची पोरगी आर्ट्स साइडला घालू का आता?”

फोनवर मी त्याला जे सांगितलं ते तुटक होतं. म्हणून इथे जरा पसरून लिहितो. असे फोन करणारा तो एकटा नाही.

आपल्याकडे कॉलेज म्हणजे विद्यापीठाची फांदी. पेपर विद्यापीठ काढणार, पदवी विद्यापीठ देणार, कॉलेजनं पोर्शन संपवायचा. त्यामुळे ‘नुसतं कॉलेज’ म्हटलं की कमी प्रतीचं वाटतं. इथलं छोटं कॉलेज कुणालाही संलग्न नसतं. अभ्यासक्रम त्याचा, परीक्षा त्याच्या, पदवीही त्याचीच. विद्यापीठाशी त्याचा फरक एवढाच, की तिथे मुख्यतः चार वर्षांची पदवी असते. पीएचडी करणारी मंडळी नसतात. आणि लिबरल आर्ट्समध्ये भौतिकशास्त्र, जीवशास्त्र, कॉम्प्युटर, अर्थशास्त्र सगळं येतं. मुख्य विषय सहसा दुसऱ्या वर्षाच्या अखेरीस ठरवायचा. तोवर रसायनशास्त्राबरोबर चिनी इतिहास घेतला तरी कुणी ‘साइड कुठली’ असं विचारत नाही.

ग्रिनेल माझ्या घरापासून पश्चिमेला तासाभरावर आहे. आयोवा सिटीत मी राहतो ते तीस हजारांवर विद्यार्थ्यांच्या विद्यापीठाचं गाव. तिथून हायवेला लागलं की दोन्ही बाजूंना मका आणि सोयाबीन, मग पुन्हा मका, आणि अचानक एक गाव. वस्ती साडेनऊ हजारांच्या आसपास, कॉलेजात सतराशेच्या घरात मुलं. कॉलेज १८४६चं. मालगाडीचे रूळ थेट त्याच्या आवारातून जातात. गाडी आली की दोन मिनिटं बोलणं थांबवायचं. गावात बघण्यासारखं एकच, लुई सलिव्हननं १९१४ साली बांधलेली बँक. गगनचुंबी इमारतींचा जनक म्हणवला जाणारा माणूस उतारवयात मक्याच्या शेतांतल्या गावांसाठी दागिन्यांच्या पेटीएवढ्या बँका बांधत होता. पण ते राहू दे.

मित्राला मी पहिली गोष्ट सांगितली ती ही, की तिथे शेवटचा बाक नाही. अनेक वर्गांत बाकच नाहीत, एक लांब टेबल आणि भोवती पंधरा-अठरा खुर्च्या. प्रॉक्सी लावायची सोय नाही, कारण सरांना तुमचं नावच काय, मागच्या आठवड्यात तुम्ही काय बोललात तेही आठवतं. निबंध तपासायला हाताखाली पीएचडीची मुलं नसल्यानं तो स्वतः सरच तपासतात, आणि समासात लिहितात, ‘हे तुझं मत की पुस्तकाचं?’ दोनदा दांडी मारली तर तिसऱ्या दिवशी ई-मेल, ‘बरा आहेस ना?’ ग्रिनेलमध्ये सक्तीचा म्हणावा असा विषय एकच, पहिल्या सत्रातलं ट्युटोरियल. मूठभर मुलं, एक विषय, आणि वाचणं, लिहिणं, बोलणं शिकवणारे प्राध्यापक. मुख्य विषय ठरेपर्यंत तेच तुमचे सल्लागार. बाकी चार वर्षं काय शिकायचं ते त्यांच्याशी बोलून आपण ठरवायचं. ज्या मुलाला दहावीपासून क्लासवाल्यांनी वेळापत्रक हातात दिलं, त्याला ही मोकळीक सुरुवातीला शिक्षेसारखी वाटते.

ओळखीचा उपयोग कसा होतो, याचं ग्रिनेलमधलं जुनं उदाहरण डुकराचं आहे. १९४८ साली वसतिगृहात हवाई थाटाची मेजवानी ठरली. भाजायला डुक्कर हवं म्हणून भौतिकशास्त्राच्या एका मुलानं मित्राला घेऊन शेजारच्या शेतातून पिल्लू उचललं. दुसऱ्या दिवशी कबूल करायला गेला तेव्हा कळलं, की शेत गावच्या मेयरचं. आयोवात जनावराची चोरी म्हणजे गंभीर गुन्हा. मुलगा तुरुंगाच्या दारापर्यंत गेला होता. भौतिकशास्त्राचे प्राध्यापक ग्रँट गेल आणि कॉलेजचे अध्यक्ष मध्ये पडले, आणि एका सत्राच्या निलंबनावर भागलं. तो परत आला तेव्हा गेल सरांनी बेल लॅब्समधून नुकत्याच शोध लागलेल्या ट्रान्झिस्टरचे नमुने मिळवले होते. जगात तेव्हा फार थोड्या लोकांनी पाहिलेली वस्तू या खेड्यातल्या प्रयोगशाळेत आली. त्या मुलाचं नाव रॉबर्ट नॉइस. पुढे तो मायक्रोचिपच्या जनकांपैकी एक ठरला. १९६८ साली त्यानं इंटेल काढली तेव्हा कॉलेजनंही त्यात पैसे गुंतवले. आज ग्रिनेलची गंगाजळी दोन अब्ज डॉलरच्या वर आहे.

ही झाली चांगली बाजू. जिथे सगळे ओळखतात तिथे सगळे ओळखतात, हे तोट्याच्या खात्यातही लिहावं लागतं. माझ्या ओळखीची नाशिकची एक मुलगी शेजारच्या राज्यातल्या अशाच एका छोट्या कॉलेजात होती. कॉलेजचं नाव मुद्दाम देत नाही. दुसऱ्या महिन्यात तिचं रूममेटशी बिनसलं. मोठ्या विद्यापीठात दोघी पुन्हा भेटल्याही नसत्या. इथे मेस एकच. सकाळ, दुपार, संध्याकाळ त्याच ट्रे घेऊन समोरासमोर. नाताळच्या सुटीत वसतिगृह बंद, गावात बस नाही, गाडी चालवता येत नाही. ती महिनाभर आमच्याकडे राहिली. त्या महिन्यात आमच्या घरातले पोहे संपले ते वेगळंच. तिला खरा फटका बसला तो विषयांचा. संख्याशास्त्राचा जो वरचा कोर्स तिला हवा होता तो वर्षाआड निघायचा, आणि निघाला तेव्हा शिकवणारे सर रजेवर. त्या विभागात माणसं तीन. म्हणून मी सगळ्यांना सांगतो: माहितीपत्रकातली विषयांची यादी वाचू नका, मागच्या दोन वर्षांत प्रत्यक्षात कोणते कोर्स शिकवले गेले ते विचारा. कळवतात.

तरीही तिला पीएचडीला चांगल्या ठिकाणी प्रवेश मिळाला, तो याच कॉलेजमुळे. प्रयोगशाळेत वरचे विद्यार्थी नसल्यानं दुसऱ्या वर्षाच्या उन्हाळ्यात सरांच्या संशोधनात हात घालायला मिळाला, आणि शिफारसपत्र लिहिणाऱ्या तिन्ही प्राध्यापकांनी तिच्या हाताखालून गेलेलं काम नावानिशी सांगितलं. ‘प्रामाणिक व कष्टाळू विद्यार्थिनी’ छापाचं पत्र तिथे कुणी लिहीत नाही.

इंजिनिअरिंगचं मात्र पक्कं ठरलं असेल तर यादी लगेच लहान होते. बहुतेक छोट्या कॉलेजांत ते नाहीच. स्वार्थमोर, हार्वी मड, स्मिथ यांसारखे अपवाद. काही ठिकाणी तीन वर्षं इथे आणि दोन वर्षं एखाद्या विद्यापीठात अशी सोय असते. ऐकायला छान, पण पहिल्या तीन वर्षांची शिष्यवृत्ती पुढच्या दोन वर्षांना लागू होईलच असं नाही. आणखी एक बारीक गोष्ट. शिक्षणानंतर इथे कामाचा अनुभव घ्यायला बारा महिन्यांची परवानगी मिळते. विज्ञान-तंत्रज्ञानाच्या मान्य विषयांना त्यात आणखी चोवीस महिन्यांची भर पडू शकते. अर्थशास्त्र काही कॉलेजांत त्या मान्य यादीत बसेल अशा नावाखाली शिकवतात, काहींत नाही. कागदावरचा एक कोड, पण त्यावर दोन वर्षं अवलंबून. व्हिसाचे नियम अलीकडे सतत हलतायत, तेव्हा ताजा नियम कॉलेजच्या परदेशी विद्यार्थी कार्यालयाकडूनच घ्यावा, व्हॉट्सअ‍ॅपवरून नव्हे.

नावाचं काय, असं मित्रानं दोनदा विचारलं. नातेवाइकांनी ऐकलेलं नसणार, हे मान्यच करावं. विल्यम्स कॉलेज घ्या. १७९३चं, दोन हजारांच्या आसपास मुलं, देशातल्या अव्वल कॉलेजांत गणलं जातं. सांगलीत कोण ओळखतं? आणि तरी तिथे शिकलेला गॉर्डन हॉल १८१३ साली मुंबईत उतरला, अमेरिकन मराठी मिशनचं काम त्याच्या पिढीनं सुरू केलं, आणि त्याच मिशनच्या अहमदनगरच्या मिस फरार यांच्याकडे सावित्रीबाई फुल्यांनी अध्यापनाचे धडे घेतले. हे मी त्याला सांगितलं. तो म्हणाला, “ते ठीक आहे, पण आमच्या व्याह्यांना काय सांगू?” यावर माझ्याकडे उत्तर नाही.

आता पैसा. फी, राहणं, जेवण धरून वर्षाला ऐंशी-नव्वद हजार डॉलरचा आकडा बघून अनेकजण तिथेच थांबतात. तो आकडा दुकानातल्या साडीवरच्या चिठ्ठीसारखा असतो. सगळेच तो देत नाहीत. पण परदेशी मुलांसाठी कॉलेजांचे दोन प्रकार आहेत. अ‍ॅमहर्स्ट, बोडन यांसारखी मोजकी कॉलेजं प्रवेश देताना तुम्ही मदत मागितली आहे का हे बघतच नाहीत. ग्रिनेल धरून बाकीची बहुतेक बघतात. जितकी मदत जास्त मागाल तितकी चुरस वाढते. म्हणून काहीजण ‘आधी शिरू, मग मागू’ असा हिशेब करतात. तो फसतो. पहिल्या वर्षी न मागितलेली मदत परदेशी विद्यार्थ्याला नंतर द्यायची नाही, असा अनेक ठिकाणी नियमच आहे. ‘अर्ली डिसिजन’ हा दुसरा सापळा. एकाच कॉलेजला शब्द द्यायचा, मिळालं तर जायचंच. संधी थोडी वाढते, पण चार कॉलेजांचे मदतीचे आकडे समोर ठेवून तुलना करायला मिळत नाही. केंटकीतल्या बेरिया कॉलेजसारखी वेगळी वाटही आहे, तिथे शिक्षणाची फीच घेत नाहीत आणि प्रत्येक विद्यार्थी कॉलेजात काम करतो. जागा अर्थातच थोड्या.

शेवटी मी त्याला जे विचारायला सांगितलं ते आपल्याकडे कुणाच्या डोक्यात येत नाही: कॉलेज चार वर्षं टिकेल का? माझ्या घरापासून दक्षिणेला, पुन्हा तासाभरावरच, माउंट प्लेझंट नावाचं गाव आहे. तिथलं आयोवा वेस्लियन १८४२चं, ग्रिनेलहून जुनं. देशातली पहिली महिला वकील अरबेला मॅन्सफील्ड तिथली. पृथ्वीभोवतीचे किरणोत्सारी पट्टे शोधणारे व्हॅन अ‍ॅलनही तिथलेच. आमच्या विद्यापीठातली भौतिकशास्त्राची इमारत त्यांच्या नावानं आहे. आयोवा वेस्लियन बंद होणार हे मार्च २०२३च्या अखेरीस जाहीर झालं आणि मे महिन्यात कुलूप लागलं. मधल्या दोन महिन्यांत मुलांनी दुसरं कॉलेज शोधायचं, आणि परदेशी मुलांनी त्याबरोबर व्हिसाची नोंदही हलवायची. इथे मुलांची संख्या घटतेय आणि गंगाजळी नसलेली छोटी कॉलेजं वर्षाला काही ना काही बंद पडतायत. बिगर-नफा कॉलेजांचा कर-विवरण अर्ज सार्वजनिक असतो, इंटरनेटवर फुकट वाचता येतो. सलग चार-पाच वर्षं तोटा, घसरती विद्यार्थिसंख्या, मान्यता देणाऱ्या संस्थेचा ताकीदनामा, यातलं काही दिसलं तर शिष्यवृत्ती कितीही गोड असो, पुढचं पान उलटावं. मित्र सहकारी बँकेत नोकरीला आहे. ताळेबंद वाचायचं म्हटल्यावर त्याचा आवाज पहिल्यांदा खुलला.

परवा त्याच्या मुलीचाच फोन आला. ग्रिनेल यादीत ठेवलंय. डुकराची गोष्ट बापानं तिला तिखटमीठ लावून सांगितलेली होती, त्यावर हसली. निबंध लिहून झालाय, शिफारसपत्रांसाठी सरांच्या मागे लागलीय. अडलंय ते आर्थिक मदतीच्या अर्जावर. कुटुंबाची मालमत्ता लिहायची आहे, आणि मिरज तालुक्यातल्या तीन एकर द्राक्षबागेच्या सातबाऱ्यावर चार काकांची नावं आहेत. बापाचा वाटा किती लिहायचा, यावरून घरात दोन दिवस कुणी कुणाशी बोललेलं नाही.