मेमरी परत करणं फुकट नसतं

मेमरी मागायला खर्च येतो, परत करायला काही लागत नाही, असं बरेच प्रोग्रामर धरून चालतात. प्रोग्राम एका थ्रेडचा असेल तोवर ते खपून जातं. एकाच प्रोसेसचे थ्रेड सर्व्हरच्या पन्नास-साठ कोअरवर पसरले की हिशोब बदलतो.

आभासी पत्ता रॅममधल्या कोणत्या पानावर जातो, हे प्रत्येक कोअर दरवेळी पेज टेबलात शोधत नाही. अलीकडे मिळालेली उत्तरं तो स्वतःच्या टीएलबीमध्ये, म्हणजे ट्रान्सलेशन लुकअसाइड बफरमध्ये, जपून ठेवतो. सगळ्यात चिवट गैरसमज इथलाच: सगळ्या कोअरच्या कॅशचा मेळ हार्डवेअर राखतं, तेव्हा टीएलबीचाही राखत असणार. एक्स८६ वर साधारणपणे तसं होत नाही. एका थ्रेडने ४ केबीचं पान सोडलं की कर्नल पेज टेबलातली नोंद पुसतो, ती प्रोसेस जिथे चालू आहे त्या कोअरना आपापल्या टीएलबीतली नोंद पुसायला इंटरप्ट पाठवतो आणि सगळ्यांची पोच येईपर्यंत थांबतो. एखाद्या कोअरने तेवढ्यात इंटरप्ट बंद ठेवले असतील, तर बाकीचं काम त्याच्यासाठी खोळंबतं. घाई करून चालत नाही. जुनी नोंद कुठे शिल्लक राहिली आणि ते पान दुसऱ्या प्रोसेसला गेलं, तर पहिली प्रोसेस परक्याच्या डेटावर लिहील. नोंदी पुसून घेण्याच्या या सगळ्या खटाटोपाला टीएलबी शूटडाउन म्हणतात. दुखणं जुनंच आहे. १९८९ मध्ये कार्नेगी मेलनच्या संशोधकांनी त्यावर शोधनिबंध लिहिला होता.

एआरएम६४ वर नोंद रद्द करण्याची सूचना हार्डवेअरच सगळ्या कोअरना पोचवतं. एएमडीच्या नव्या प्रोसेसरांतल्या तशाच सोयीचा वापर लिनक्स २०२५ च्या ६.१५ आवृत्तीपासून करू लागला. इंटरप्ट वाचतात, वाट पाहणं उरतंच.

टीएलबीखेरीज लॉकचाही खर्च असतो. ‘नुसतं वाचायचं लॉक घेतलं, कुणाची अडचण नाही’ हाही भ्रमच. वाचनालयात फक्त वाचायला जाणाऱ्यांनाही दाराशी एकाच वहीत सही करावी लागली, तर रांग वहीपाशी लागेल. प्रोसेसच्या मेमरी-नकाशावरच्या लॉकचं तेच व्हायचं. पेज फॉल्ट आला की वाचकही त्यातला आकडा वाढवणार, आणि तो आकडा असलेली ६४ बाइटची कॅश लाइन या कोअरकडून त्या कोअरकडे ओढली जाणार. लिनक्स ६.४ ने २०२३ मध्ये नकाशाच्या प्रत्येक भागाला वेगळं लॉक दिलं, तेव्हा कुठे ही ओढाताण कमी झाली.

आपल्या एक्स८६ लिनक्स सर्व्हरवर किती शूटडाउन होतात, हे ‘/प्रोक/इंटरप्ट्स’ फाइलमधल्या टीएलबीच्या ओळीत कोअरनिहाय दिसतं. आकडा झपाट्याने चढत असेल, तर आधी ॲलोकेटरच्या सेटिंग पाहाव्यात. जेमॅलॉक हा ॲलोकेटर सोडलेली पानं काही सेकंद राखून ठेवतो. ती गळती समजून कुणी ही मुदत शून्यावर आणतं. मेमरीचा आलेख खाली येतो आणि शूटडाउनचा वर जातो.